गैरहजर पक्षकार

न्यायालयात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना गैरहजेरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार आले म्हणजे खटला चालतो. पण त्यांपैकी एक जण आला नाही की साऱ्या खटल्याचा रंग पालटतो. शिपाई दाराशी उभा राहून नाव पुकारतो, कोणी ओ देत नाही, आणि न्यायाधीश समोरच्या कागदावर चार ओळी लिहितात. त्या चार ओळींतून पुढे जो हुकूमनामा निघतो त्याला आम्ही ‘एकतर्फी’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तो हुकूमनामाच असतो. तरीही एकतर्फी निकाल घेऊन घरी जाणाऱ्या अशिलाच्या चेहऱ्यावर निर्भेळ समाधान मला क्वचितच दिसले आहे. समोरचा माणूस आला असता तर काय म्हणाला असता, हा प्रश्न निकालपत्राच्या घडीत तसाच राहून जातो.

हा विचार माझ्या मनात वारंवार येतो तो एका इंग्रजी तबकडीमुळे, असे सांगितले तर वाचकांना थोडे नवल वाटेल. ‘पिंक फ्लॉइड’ या लंडनच्या वाद्यवृंदाची ‘विश यू वेअर हिअर’, म्हणजे ‘तू इथे हवा होतास’, ही तबकडी 1975 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. 2025 साली तिला 50 वर्षे पूर्ण झाली. मी ती प्रथम ऐकली ती विधी महाविद्यालयाच्या वसतिगृहात, एका सहाध्यायाने आणलेल्या कॅसेटवर. त्या वयात तिचा फक्त सूर आवडला होता. वकिलीची वीस वर्षे उलटून गेल्यावर आज ती ऐकतो तेव्हा सुरापेक्षा तिच्यातला दावा मला अधिक ऐकू येतो. आणि त्या दाव्याचा निकाल काय लागावा याविषयी माझे मन अजूनही दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करीत असते.

ज्या संगीतप्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याचा बहर इंग्लंडात साधारणपणे 1969 ते 1975 या काळात आला. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडावी, तबकडीची अख्खी बाजू व्यापणारी रचना करावी, युरोपीय अभिजात संगीताची भव्यता विजेच्या वाद्यांवर आणावी, अशी या मंडळींची महत्त्वाकांक्षा होती. ‘किंग क्रिम्सन’, ‘येस’, ‘जेनेसिस’ ही त्यांतली मोठी नावे. या प्रकाराचा दोषही त्याच्या महत्त्वाकांक्षेतच होता. पुष्कळदा वादक आपली तयारी दाखविण्यासाठीच वाजवीत आहेत असे वाटे, आणि लांबी हीच खोली समजली जाई. पिंक फ्लॉइडच्या चौघांपाशी तशी थक्क करणारी तयारी नव्हती. त्यांच्यापाशी धीर होता, आणि या तबकडीत तो धीर एका विशिष्ट दुःखाच्या कामी आला.

त्या दुःखाचे नाव सिड बॅरेट. केंब्रिजमध्ये 1946 साली जन्मलेला हा तरुण वाद्यवृंदाचा पहिला नायक. दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावे जोडून ‘पिंक फ्लॉइड’ हे नावही त्यानेच बनविले. 1967 सालची त्यांची पहिली मोठी तबकडी प्रामुख्याने त्याच्याच गीतांनी भरलेली आहे. परंतु त्याच वर्षी त्याचे मन ढासळू लागले. एलएसडीचे सेवन, अकस्मात आलेली कीर्ती आणि आतून बळावणारा आजार यांपैकी कशाचा वाटा किती, हे कोणी ठामपणे सांगू शकलेले नाही. रंगमंचावर तो नुसता उभा राहू लागला. मदतीला डेव्हिड गिल्मर या मित्राला आणण्यात आले, आणि काही आठवडे वाद्यवृंदात पाच जण होते. मग 1968 च्या जानेवारीत साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत प्रश्न निघाला, की सिडला घ्यायला जायचे ना? आणि उत्तर आले, की कशाला! गाडी त्याच्या घराकडे वळली नाही. एप्रिलमध्ये तो बाहेर पडल्याचे जाहीर झाले. माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ नये, हे न्यायाचे सर्वांत जुने तत्त्व. येथे तर नोटीसही निघाली नव्हती.

त्यानंतर पाच वर्षांनी, 1973 च्या मार्चमध्ये, ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तबकडीने चौघांना अमाप यश दिले. हवे होते ते सारे मिळाले आणि पुढे काय करावे हे सुचेना. मध्यंतरी त्यांनी वाद्ये बाजूला ठेवून रबराचे पट्टे, बाटल्या, काचेचे पेले अशा घरगुती वस्तूंवर तबकडी करण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्धवट सोडला. 1975 च्या जानेवारीत ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पुन्हा जमले तेव्हा चौघेही खोलीत होते, पण मनाने कोणीच हजर नव्हते, असे त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. बासवादक व गीतकार रॉजर वॉटर्स याने त्या शून्यालाच विषय करण्याचे ठरविले. त्या सोडून दिलेल्या पेल्यांचा नाद या तबकडीच्या अगदी आरंभी ऐकू येतो.

‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या प्रमुख रचनेचे नऊ भाग आहेत, आणि ती सारी मिळून सुमारे 26 मिनिटांची होते. बॅरेटला उद्देशून केलेली ही रचना सबंध एका बाजूवर घ्यावी असे गिल्मरचे मत होते. वॉटर्सने ती दोन तुकड्यांत विभागून तबकडीच्या दोन टोकांना ठेवावी असा आग्रह धरला आणि बहुमताने तो मान्य झाला. आरंभी एकच स्वरसंवाद धुक्यासारखा पसरतो. त्यावर गिल्मरचे गिटार अतिशय सावकाश, एकेका स्वरावर रेंगाळत पुढे सरकते. तंबोऱ्यावर विलंबित आलाप ऐकण्याची ज्याच्या कानाला सवय आहे त्याला येथे परके वाटत नाही; लय नाही म्हणून तो अस्वस्थ होत नाही. जवळजवळ चार मिनिटांनी गिटारवर चार स्वरांची एक आकृती येते. ती प्रश्नासारखी आहे. उत्तर न मिळाल्यामुळे ती पुन्हा विचारली जाते, आणि तिच्या आधाराने सारा वाद्यवृंद जागा होतो. माणसाचा आवाज येतो तो आठ मिनिटे उलटून गेल्यावर. एखाद्याच्या दाराशी जाऊन, हाक मारण्याआधी बराच वेळ नुसते उभे राहावे, तशी ही आठ मिनिटे आहेत.

मधली तीन गीते वेगळ्या स्वभावाची आहेत. ‘वेलकम टु द मशीन’ मध्ये यंत्राची धडधड आणि सिंथेसायझरचे आवाज यांनी एका तरुणाला कारखान्यात ओढून नेल्याचा भास होतो. ‘हॅव अ सिगार’ मध्ये ध्वनिमुद्रण कंपनीचा एक तोंडभरून बोलणारा अधिकारी कलावंतांची पाठ थोपटतो आणि त्यांच्यापैकी ‘पिंक’ नावाचा गृहस्थ कोणता, अशी चौकशी करतो. असा प्रश्न त्यांना प्रत्यक्षातही विचारला गेला होता. ऐकणारा हसतो; पण ज्याने ते नाव दिले तो तर त्या खोलीत नाहीच, हे ध्यानात आले की हसू मावळते. हे गीत वाद्यवृंदापैकी कोणी गायिलेलेही नाही. वॉटर्सचा आवाज थकला होता आणि गिल्मरला ते गायचे नव्हते, म्हणून त्याच इमारतीत स्वतःचे ध्वनिमुद्रण करीत असलेल्या रॉय हार्परला बोलावण्यात आले. आमच्या भाषेत सांगायचे तर गाणे वटमुखत्यारपत्रावर म्हटले गेले. व्यापारी ढोंगावरच्या गाण्यात गायकच उसना असावा, हा केवळ योगायोग. पण या तबकडीत असे योगायोग पुष्कळ आहेत.

मुखपृष्ठही याच अर्थाला धरून आहे. कारखान्यासारख्या इमारतींच्या मधल्या ओसाड रस्त्यावर दोन गृहस्थ हस्तांदोलन करीत आहेत आणि त्यांपैकी एक पेटलेला आहे. व्यवहारात हात पोळतात हे आपण नुसते म्हणतो. येथे ते शब्दशः छायाचित्रात आले आहे. रॉनी रॉन्डेल या चित्रपटातील कसरतपटूला ज्वालारोधक पोशाखावर खरोखरच पेटविले होते, आणि एकदा वारा उलटल्यामुळे त्याच्या मिशीला झळ लागली. दुकानात मात्र हे चित्र कोणाला दिसत नसे. तबकडी गडद, अपारदर्शक वेष्टनात गुंडाळलेली असे. मुखपृष्ठसुद्धा गैरहजर!

तबकडीला ज्याच्यावरून नाव मिळाले ते गीत सर्वांत साधे आहे. रेडिओची चकती कोणी फिरवीत आहे असा आवाज येतो. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा क्षणभर उमटून विरतो. मग दूरवर, बारीक आवाजात, गिटार वाजू लागते. थोड्या वेळाने आपल्या अगदी जवळ, जणू याच खोलीत, दुसरे गिटार त्याला साथ देते. दोन्ही गिटारे एकाच माणसाने वाजविली आहेत, परंतु ऐकताना वाटते की एक जण दूर गेला आहे आणि दुसरा रेडिओपाशी बसून त्याला गाठू पाहत आहे. याच गीताच्या शेवटी स्टेफान ग्रापेली या थोर व्हायोलिनवादकाचे वादन आहे. यहुदी मेन्युइनबरोबर त्याचे त्याच इमारतीत ध्वनिमुद्रण चालले होते. त्याला बोलावले, त्याने वाजविले, मोबदला घेतला, आणि अखेरच्या मिश्रणात त्याचे व्हायोलिन वाऱ्याच्या आवाजाखाली जवळजवळ पुसले गेले. वेष्टनावर नावही आले नाही. ते वादन स्पष्टपणे लोकांना ऐकायला मिळाले ते 2011 साली.

आता मुख्य पुरावा. 1975 च्या जून महिन्यात, ‘शाइन ऑन’ चे मिश्रण चालू असताना, एक जाडजूड माणूस स्टुडिओत आला. डोक्यावर केस नव्हते, भुवयाही काढलेल्या होत्या. तंत्रज्ञांपैकी कोणाचा पाहुणा असेल असे समजून त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. बऱ्याच वेळाने एकेकाला उमगले की हा सिड बॅरेट आहे. वॉटर्सला रडू आवरले नाही. गाणे वाजतच होते. दावा ज्याच्या गैरहजेरीविषयी चालला होता तो स्वतः मागच्या बाकावर येऊन बसला होता, आणि त्याला ओळखणारा कोणी नव्हता.

ज्यांना एखाद्याची वार्ता सहज कळायला हवी त्यांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, हे पुराव्याच्या कायद्यातील तत्त्व 1872 च्या अधिनियमापासून चालत आले आहे आणि 2024 मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. बॅरेट बाहेर पडल्याचे जाहीर झाले त्याला त्या दिवशी सात वर्षे आणि काही आठवडे झाले होते. हे तत्त्व येथे लागू होत नाही हे मलाही ठाऊक आहे, कारण 1970 सालापर्यंत सहकाऱ्यांचा त्याच्याशी संबंध होता. पण कायद्याने सात हा आकडा जेथून कुठून घेतला असेल तेथे माणसाच्या मनाचाही थोडा अभ्यास केलेला असावा. तेवढ्या काळात आपण माणसाला मनातल्या मनात मृत ठरवून टाकतो, आणि त्यानंतर तो आला तर त्याचे काय करावे हे आपल्याला कळत नाही.

आमच्या बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील होते. दिवाणी कायदा त्यांच्या बोटांवर होता आणि उलटतपासणीत त्यांचा आवाज कधी चढत नसे. पन्नाशीत त्यांना मनाच्या आजाराने गाठले. तारखा विसरू लागल्या, अशील एकेक करून कागदपत्रे परत नेऊ लागले, आणि एके दिवशी त्यांचे येणे थांबले. त्यांच्या आठवणी मात्र थांबल्या नाहीत. चहाच्या वेळी त्यांचे किस्से निघत आणि ‘साहेब असते तर’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असे. पाच-सहा वर्षांनी एका दुपारी ते एका जुन्या दाव्यातील प्रमाणित नक्कल घ्यायला आले. अंगावर काळा कोट नव्हता, दाढी वाढली होती, शरीर सुटले होते. त्या वेळी बाररूममध्ये त्यांचाच किस्सा रंगला होता असे लिहिले तर गोष्टीला शोभेल. पण आत क्रिकेटची चर्चा चालू होती. एका तरुण वकिलाने त्यांना अगदी नम्रपणे सांगितले, “काका, पक्षकारांनी बाहेरच्या बाकावर बसायचं.” ते जाऊन बसले. मी न्यायकक्षातून परतलो तेव्हा त्यांनी मला नावाने हाक मारली आणि त्या आवाजावरून मी त्यांना ओळखले. “साहेब, आत या,” म्हटल्यावर ते म्हणाले, “नको रे. नक्कल मिळाली की निघतो.”

त्या दिवसानंतर बाररूममधले त्यांचे किस्से कमी झाले. कोणी ठरवून बंद केले नाहीत. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आता तो बाक येत असावा. आठवणीतला माणूस आपल्यापाशी काही मागत नाही. परत आलेल्या माणसाला निदान बसायला जागा तरी द्यावी लागते.

या तबकडीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप येथेच उभा राहतो. ‘तू इथे हवा होतास’ असे जे म्हणतात त्यांनीच त्याला गाडीत घेतले नव्हते. मग हा शोक करण्याचा त्यांना अधिकार काय? शिवाय त्या शोकाची तबकडी लाखांनी खपली. यावर बचाव असा, की 1970 साली प्रसिद्ध झालेल्या बॅरेटच्या दोन्ही स्वतंत्र तबकड्यांच्या निर्मितीत गिल्मर होता, एकीत वॉटर्स आणि दुसरीत राइट यांनीही हातभार लावला; आणि जुन्या गीतांचे मानधन बॅरेटपर्यंत पोहोचत राहील याची गिल्मरने काळजी घेतली. आजारी सहकाऱ्यासह कार्यक्रम करणे अशक्य झाले होते, हेही खरेच. दोन्ही बाजूंचा पुरावा वजनदार आहे.

मला जे महत्त्वाचे वाटते ते असे, की तबकडी स्वतः हा बचाव मांडत नाही. तिच्यात सबब नाही आणि क्षमेची याचनाही नाही. तिने बॅरेटच्या बाजूने खोटी साक्ष दिली नाही, तशीच त्याच्या विरुद्धही दिली नाही. नावाच्या गीतात वॉटर्स समोरच्याला जे विचारतो ते स्वतःलाही विचारतो, असे त्याने पुढे सांगितले आहे. जो गेला तोच एकटा गैरहजर आहे असे तो मानीत नाही. प्रकाशनाच्या वेळी काही समीक्षकांनी या तबकडीला उत्कटता नाही, ती थंड आहे, असे म्हटले होते. थंडपणा आहे हे मी मान्य करतो. पण आपण ज्याला सोडून दिले त्याच्यासाठी गळा काढणे अधिक सोपे आणि अधिक अशोभनीय झाले असते. हा आवाज राखून ठेवणे हाच मला तिचा प्रामाणिकपणा वाटतो.

दोष नाहीत असे नाही. ‘वेलकम टु द मशीन’ मधील यंत्रांचा गजर काही वेळाने आपला अर्थ सांगून संपलेला असतो, तरी चालूच राहतो. व्यापाऱ्यांवरचा उपरोध, त्याच व्यापारात गबर झालेल्यांच्या तोंडी, थोडा सोयीचा वाटतो. मात्र ही गीते सुटी ऐकली तर हे दोष मोठे होतात. क्रमाने ऐकली तर दोन टोकांच्या विलापामुळे त्यांना जागा सापडते. या क्रमाला एकदा न्यायालयानेही मान दिला. गीते महाजालावर सुटी विकण्याचा अधिकार कंपनीला आहे की नाही, हा वाद लंडनच्या हायकोर्टापुढे गेला. तबकडीची अखंडता राखण्याविषयीचे करारातील कलम अशा विक्रीलाही लागू आहे, असा निर्णय 2010 च्या मार्चमध्ये वाद्यवृंदाच्या बाजूने झाला आणि त्याच वर्षी अपिलात कायम राहिला. पुढच्याच जानेवारीत उभयतांत नवा करार होऊन सुटी विक्री सुरू झाली, हा भाग निराळा.

2005 च्या जुलैमध्ये, अनेक वर्षांच्या भांडणानंतर, चौघे जण लंडनच्या हाइड पार्कमध्ये एका कार्यक्रमापुरते एकत्र आले. हे गीत म्हणण्यापूर्वी वॉटर्सने इथे नसलेल्यांचे आणि विशेषतः सिडचे स्मरण केले. सिड तेव्हा केंब्रिजमध्ये होता. रॉजर या आपल्या मूळ नावाने राहत होता, चित्रे काढीत होता, बाग करीत होता. पुढच्याच वर्षी 7 जुलैला तो वारला. तबकडीचा शेवटचा भाग ज्याचा, तो किबोर्डवादक रिचर्ड राइटही 2008 मध्ये गेला.

तो शेवटचा भाग वाचकांनी जरूर ऐकावा. त्यात शब्द नाहीत. सूर संथपणे उतरत जातात आणि अगदी विरण्याच्या क्षणी राइटची बोटे ‘सी एमिली प्ले’ या बॅरेटच्या 1967 सालच्या गीताची चाल एकदा हळूच वाजवून जातात. ज्याला ती चाल ठाऊक नाही त्याला काही कळत नाही. साऱ्या तबकडीत बॅरेटचे स्वतःचे असे एवढेच आहे, सात-आठ स्वर, तेही दुसऱ्याच्या हातचे. एकतर्फी चाललेल्या या दाव्यात गैरहजर पक्षकाराचे म्हणणे शेवटी का होईना नोंदविले गेले. निकाल लिहिण्याची घाई मला अजून वाटत नाही.